लॉरा घ्यायची, पण फाइल बघून

प्रश्न : मी आष्ट्याच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि सांगलीत विश्रामबागला राहते. रोज जाऊन-येऊन ४५ किलोमीटर होतात. आजवर कधी एसटीनं, कधी सहकाऱ्यांच्या गाडीतून गेले. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे, चार लाख जमवले आहेत. मिरजेतले एक डॉक्टर त्यांची २०१२ ची स्कोडा लॉरा विकताहेत. डिझेल, ऑटोमॅटिक, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ३ लाख ४० हजार. ते दुसरे मालक आहेत. दीर म्हणतात, या पैशांत इतकी दणकट गाडी परत मिळायची नाही. वडील म्हणतात, युरोपियन गाडी म्हणजे दारात हत्ती बांधणं. मी चालवून बघितली आणि खरं सांगायचं तर मन बसलं. पण गाडी वाटेत बंद पडली तर माझा पहिला तास बुडतो. अशी जुनी युरोपियन गाडी रोजच्या वापराला भरवशाची असते का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर :

ताई, मन बसलं हे मोकळेपणानं लिहिलंत, बरं केलंत. लॉराचं दार लावताना जो घट्ट, भरीव आवाज येतो, तो ऐकल्यावर लहान गाड्यांची दारं पत्र्याच्या डब्यासारखी वाटायला लागतात. मिरजेत गॅरेज चालवताना हा आवाज ऐकून निर्णय घेतलेली बरीच माणसं मी बघितली आहेत. त्यांतली काही आजही त्याच गाडीत आनंदानं फिरतात. काहींनी मात्र दोन वर्षांत गाडीच्या किमतीइतकेच पैसे तिच्यावर घातले. गाडीचं मॉडेल दोघांकडे तेच, वर्षही जवळपास तेच.

म्हणून तुमचे दीर आणि वडील दोघांचंही खरं आहे, पण दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलताहेत. नवीन गाडीचा भरवसा कंपनीच्या नावावर ठरवता येतो. २०१२ च्या गाडीचा भरवसा ती एकच गाडी आजवर कुणी, कशी सांभाळली यावर ठरतो, आणि पुढं ती कोण दुरुस्त करणार यावर. तुम्हाला तपासायच्या आहेत त्या या दोन गोष्टी.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घ्या. लॉरा म्हणजे युरोपात ऑक्टेव्हिया नावानं विकली गेलेली दुसऱ्या पिढीची गाडी. आपल्याकडे पहिली ऑक्टेव्हिया विक्रीत होतीच, म्हणून हिला वेगळं नाव दिलं. जोडणी आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात व्हायची. नवी असताना ऑटोमॅटिक डिझेलची किंमत पंधरा लाखांच्या पुढं होती. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गाडीची किंमत उतरून साडेतीन लाखांवर आली, तरी तिचे पार्ट आजही पंधरा लाखांच्या गाडीचेच आहेत. वडिलांना जो हत्ती दिसतो तो हाच.

या गाड्या कच्च्या असतात असं मात्र अजिबात नाही. पत्रा चांगला, ब्रेक चांगले, हायवेला पकड अशी की पावसातसुद्धा धीर वाटतो. फक्त त्या हयगय खपवून घेत नाहीत. एखादी साधी गाडी तेल दहा हजार किलोमीटर उशिरा बदललं तरी कुरकुरत चालत राहते. ही गाडी बनवताना धरलेलं असतं की ठरलेल्या वेळी ठरलेलं तेल पडेल, ठरलेल्या वेळी बेल्ट बदलला जाईल. पहिला मालक बहुधा हे सगळं करतो. दुसरा निम्मं करतो. तिसऱ्याच्या हाती गाडी येते तेव्हा ती स्वस्त झालेली असते, आणि स्वस्तात घेतलेल्या गाडीवर खर्च करायला त्याचा हात धजत नाही. तुम्ही तिसऱ्या मालक होणार आहात, म्हणून हे सांगतो.

तर पहिली मागणी : फाइल. डॉक्टरांना सांगा, सर्व्हिसची बिलं बघायची आहेत. बिलं हरवली असतील तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथं झालेल्या कामांची नोंद त्यांच्याकडे असते, आणि मालकानं स्वतः मागितली तर सहसा मिळते. बाहेरच्या गॅरेजमध्ये कामं झाली असतील तर त्या गॅरेजवाल्याशी पाच मिनिटं बोला. चांगला मेकॅनिक त्याच्या हातची गाडी विसरत नाही.

फाइलमध्ये दोन कागद शोधायचे. एक टायमिंग बेल्टचा. इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल एका दातेरी रबरी पट्ट्यानं राखलेला असतो. या २.० लिटर डिझेलमध्ये तो पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचं डोकं उघडावं लागतं. तुटण्याआधी तो ना आवाज करतो ना दिवा लावतो. आपल्याकडची धूळ आणि ऊन बघता मी १ लाख किलोमीटर किंवा सहा वर्षं, यांतलं जे आधी येईल ते धरून चालतो. म्हणजे या गाडीचा बेल्ट एकदा तरी बदललेला असायलाच हवा, तोही अलीकडच्या सहा वर्षांत. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, म्हणून बिलात बेल्ट, टेन्शनर, पुली आणि पंप हे सगळं एकत्र दिसलं पाहिजे. नुसता बेल्ट बदलून पंप जुनाच ठेवला असेल तर काम अर्धंच झालंय असं समजा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं, आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा. तोंडी ‘बदललाय की’ याला किंमत देऊ नका, माणूस कितीही सज्जन असो. ते स्वतः दुसरे मालक आहेत, त्यांनाही पहिल्यानं तोंडीच सांगितलेलं असू शकतं.

दुसरा कागद गिअरबॉक्सच्या तेलाचा. इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या गाडीतली सगळ्यांत महागडी वस्तू हीच आहे. या ऑटोमॅटिकला डीएसजी म्हणतात. आत दोन क्लच असतात. एक १, ३, ५ हे गिअर सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६. एका गिअरमध्ये गाडी चालू असतानाच पुढचा गिअर लावून तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल कळतही नाही. हे सगळं चालवणारा जो मेंदू आणि तेलाच्या दाबाचे व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग, त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. तो गेला तर नव्याचा खर्च लाखाच्या वर जातो.

डीएसजीची बदनामी तुम्ही ऐकली असेलच. २०१३ साली एकट्या चीनमध्ये स्कोडाची मालक कंपनी फोक्सवॅगनला या गिअरबॉक्सच्या तक्रारींपायी ३ लाख ८० हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पण डीएसजी एकच नाही. पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा प्रकार आहे. गर्दीत सारखं थांबा-निघा केलं की तो तापतो. तुमच्या लॉराचं डिझेल इंजिन जास्त जोराचं, म्हणून तिला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा प्रकार दिलेला आहे. तो कोरड्यापेक्षा पुष्कळ टिकाऊ. पण त्याची एक अट आहे. दर ६० हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलायचा. क्लच घासून निघालेली बारीक पूड त्याच तेलात फिरते आणि तेच तेल मेकॅट्रॉनिकच्या नाजूक वाटांतून जातं. १ लाख १८ हजारांवर उभ्या असलेल्या गाडीचं हे काम एकदा झालेलं असायला हवं आणि दुसरं आत्ता तोंडावर आलेलं. पहिल्याचा कागद नसेल तर माझ्या मते ही गाडी सोडून द्यावी. बेल्टचा खर्च आधी मोजता येतो, या गिअरबॉक्सचा येत नाही.

आता गाडी प्रत्यक्ष बघायची वेळ. तुम्ही चालवून बघितलीत ती बहुधा संध्याकाळी, गाडी गरम असताना. परत एकदा सकाळी सातला जा, आणि आदल्या रात्री डॉक्टरांना विनंती करा की तुम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नये. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गार लागला पाहिजे. मग किल्ली फिरवायच्या आधी कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी बघा. पाणी गुलाबी किंवा जांभळट असेल तर बरोबर. हिरवं असेल तर कुणीतरी मिळेल ते ओतलंय. तपकिरी, गढूळ असेल तर नळाचं पाणी भरून गाडी चालवलीय. ऑइल भरायचं टोपण उघडून आत बोट फिरवा. डिझेलचं तेल काळंच असतं, त्याचं काही नाही. बोटाला काजळीचा चिकट थर लागला तर मात्र तेल वेळेवर बदललेलं नाही.

मग गाडी चालू करा आणि दोन मिनिटं काहीही न करता शांत उभ्या राहा. रेडिओ बंद, एसी बंद. गार डिझेल इंजिन जरा खडखडतं, ते चालेल. पण गिअरबॉक्सच्या बाजूनं सुटे नट डब्यात हलवल्यासारखा आवाज येत असेल, आणि इंजिन बंद करताना एकदा ‘खड्’ करून गाडी झटका देत असेल, तर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं झटके शोषणारं जड चाक, झिजलंय. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. सायलेन्सरमागं कुणालातरी उभं करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर निरोप घ्या.

चालवताना हायवेला पळवून काही कळत नाही. कळतं ते अगदी हळू चालवताना. सांगली-मिरज रस्त्यावर कृपामयीजवळ रेल्वेचा पूल आहे ना, तिथं चढावर ऐन गर्दीत न्या. ब्रेक सोडल्यावर गाडी लोण्यासारखी पुढं सरकली पाहिजे. थरथरली, अडखळली, की क्लच किंवा मेकॅट्रॉनिक दुखतंय. मोकळ्या जागी थांबून ‘डी’मधून (पुढं) ‘आर’मध्ये (मागं) आणि परत ‘डी’मध्ये असं पाच-सहा वेळा करा. गिअर पडायला एक सेकंदाहून जास्त वेळ लागला किंवा धक्का बसला तर ते लिहून ठेवा. हे सगळं गाडी अर्धा तास चालून चांगली तापल्यावर परत एकदा करायचं. बऱ्याच डीएसजी गार असताना गुणी असतात.

यानंतर गाडी स्कॅनरला, म्हणजे गाडीत साठलेल्या बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्राला, लावायची. फोनवरच्या स्वस्त ॲपनं भागणार नाही. फोक्सवॅगन-स्कोडाचे सगळे कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे संगणक) वाचणारं साधन ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडे जा. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात असं काम करणारी गॅरेजं आता आहेत. तो हजार-दोन हजार घेईल, ते या व्यवहारातले सगळ्यांत कामाचे पैसे. विक्रीआधी बिघाडाचे कोड पुसून टाकायची पद्धत आहे, म्हणून तीस-चाळीस किलोमीटर चालवून मगच स्कॅन करा.

या स्कॅनचा आणखी एक उपयोग आहे. युरोपियन गाड्यांत किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो. बऱ्याचदा बिघाडाच्या नोंदीबरोबर त्या वेळी गाडी किती चालली होती तेही साठवलेलं असतं. माझ्या एका मित्रासाठी मी अशीच एक जर्मन गाडी बघायला गेलो होतो. मीटरवर ९२ हजार, सीटा कोऱ्या, स्टिअरिंगला नवं चामडं. स्कॅनला लावली तर एअरबॅग युनिटमध्ये एक जुनी नोंद सापडली, १ लाख ६४ हजार किलोमीटरवरची. विकणाऱ्याला ती ओळ दाखवली. तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. किल्ली त्याच्या हातात ठेवून निघालो. पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि दाराचं हँडल यांची झीजही आकड्याशी जुळवून बघत जा.

आता सांगलीकरांनी सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न. तो मी मुद्दाम मागं ठेवला, कारण त्यावर मला मनापासून लिहायचंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही गाडी कुठं उभी होती?

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षीच्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. मारुती चौक, गावभाग, हरभट रोड, सांगलवाडी इथं गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. २०२१ च्या जुलैत परत तेच. त्या गाड्यांपैकी बऱ्याच विमा कंपन्यांनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या, धरल्या, लिलावात गेल्या, धुऊन-पुसून परत बाजारात आल्या. डॉक्टर मिरजेचे असले तरी पहिला मालक कुठला? आरसी बघा आणि त्या दोन महिन्यांत गाडीचं काय झालं ते विचारा. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा. त्या वर्षी मोठा क्लेम झाला असेल तर पुढच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सवलत) शून्य झालेला दिसेल.

मी स्वतः यात पोळलोय. २००५ च्या पुरानंतर, २००६ च्या उन्हाळ्यात, मी घरच्यासाठी एक युरोपियन सेडान घेतली. आतून चकचकीत, नवी सीट कव्हरं, अत्तराचा दरवळ. इंजिन ऐकलं, ते उत्तम होतं, आणि इंजिन उत्तम म्हणून बाकी काही उघडून बघितलं नाही. जूनचा पहिला पाऊस झाला तशी दारांची लॉकं आपोआप उघडझाप करायला लागली. मग एका रात्री दारात उभी असताना वायपर चालू झाले. कार्पेट उचललं. खालच्या जाड फोममध्ये काळा, मऊ, चिकट गाळ बसलेला. नदीकाठच्या माणसाला त्याचा वास सांगावा लागत नाही. वायरिंगचा एक जोड सोलला तर आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं, चिमटीत धरलं की भुगा. एक जोड नवा करावा तर आठवड्यानं दुसरीकडे बिघाड. चार महिने मी त्या गाडीमागं होतो. शेवटी ती उभी मोडली आणि सुटे भाग वेगळे विकले, कारण तसलीच दुसऱ्या कुणाच्या घरी पाठवायला मन झालं नाही.

साध्या गाडीचं इंजिन पुरानंतर साफ करून चालवता येतं. युरोपियन गाड्यांत मात्र बरेचसे कंट्रोल युनिट आणि वायरींचे मोठे जोड सीटखाली, कार्पेटखाली, पायापाशी बसवलेले असतात. गुडघाभर पाणीही त्यांना पुरतं. आणि बिघाड लगेच दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी वर येतो.

बघायचं कसं? चारही सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारा माणूस बाहेरचा भाग धुतो, गुंडाळीच्या आतला पट्टा राहतो. तिथं आडवी मातकट रेघ दिसली की पाणी कुठंवर होतं ते कळलंच. सीट पुढं-मागं सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट बघा. स्टेपनी काढून खालच्या खोलगट जागेत हात फिरवा. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या आतल्या बाजूला गाळाची बारीक पूड अडकून राहते. पुढच्या सीटच्या पायापाशी कार्पेटची कड उचलून फोम दाबा. अत्तराचा वास फार येत असेल तर काचा बंद करून, एसी बंद ठेवून गाडी दहा मिनिटं उन्हात उभी करा आणि मग दार उघडा. यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी किंमत एक लाखावर आली तरी नको म्हणा.

समजा गाडी या सगळ्यातून पार पडली. मग प्रश्न उरतो तो दुरुस्तीचा, आणि रोजच्या वापराचा खरा हिशेब तिथंच आहे. लॉरा २०१३ ला बंद झाली. फिल्टर, ब्रेक पॅड, लिंक रॉड, बुश यांची अडचण नाही. पण एखादा सेन्सर किंवा दाराचं लॉक गेलं (या गाड्यांत लॉकमधला छोटा स्विच जायची खोड आहेच) की पार्ट पुण्याहून किंवा मुंबईहून मागवायचा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आला तर दुसऱ्या दिवशी, नाहीतर आठवडा. तुमची गाडी वाटेत बंद पडण्यापेक्षा पार्टची वाट बघत गॅरेजमध्ये उभी राहण्याची शक्यता जास्त आहे. तुमच्या बाबतीत एक गोष्ट चांगली, आष्टा-इस्लामपूर मार्गावर एसटी भरपूर आहेत. वर्षात आठ-दहा दिवस एसटीनं जायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. असेल तर ही गाडी तुम्हाला झेपेल. आडवळणाच्या गावी नोकरी असती तर मी सरळ नाही म्हणालो असतो.

गाडी घ्यायच्या आधीच मेकॅनिक ठरवा. त्याला विचारा, ‘ही गाडी घेतली तर तुम्ही सांभाळाल का?’ तो जरा जरी कचरला तरी ते उत्तरच समजा.

पैशांचं. चार लाखांतले ३ लाख ४० हजार गाडीला गेले, तर विमा, नावावर करायचा खर्च आणि टायर यांतच बाकीचे संपतील. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलायचे, हा खर्च धरूनच चाला. अशा गाडीसाठी मी पहिल्या वर्षाला किमान १ लाख बाजूला ठेवायला सांगतो. म्हणजे गाडी जास्तीत जास्त २ लाख ९० हजारांना, तीही बेल्ट आणि गिअरबॉक्सचे दोन्ही कागद असतील तर. बेल्टचा नसेल तर तो खर्चही यातून वजा करा.

डिझेल वाचवेल हा हिशेबही एकदा मांडून बघा. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला १० हजार किलोमीटरच होतात. लॉरा लिटरला चौदा देईल असं धरू, म्हणजे सव्वासातशे लिटरच्या आत डिझेल. अठरा देणाऱ्या लहान पेट्रोल गाडीला साडेपाचशेच्या आसपास लिटर लागतं. आजच्या भावानं पेट्रोलचा खर्च उलट थोडा कमीच भरतो. तेव्हा लॉरा घ्यायची ती तिच्या बसक्या, भक्कम चालीसाठी. पैसे वाचतील म्हणून नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसी बघा. बोजा असेल तर तो फिटल्याचा बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती २०२७ मध्ये संपेल. तेव्हा फिटनेस तपासणी, फेरनोंदणीची फी आणि पर्यावरण कर आलाच. गाडी दिल्लीहून आलेली नाही ना, तेही बघा. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून बऱ्याच गाड्या इकडे आल्या, आणि काहींचा इथला रोड टॅक्स भरलेलाच नाही. आणि एक, २०१५ च्या, धुराच्या चाचणीत फसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात फोक्सवॅगन समूहानं भारतात ३ लाखांहून जास्त डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमचं २.० डिझेल त्या प्रकरणातल्याच ईए १८९ या इंजिन-घराण्यातलं. ती दुरुस्ती झाली का, हे सर्व्हिस सेंटर चासी नंबरवरून सांगेल.

लॉरा जमली नाही तर? याच पैशांत युरोपियन चाल हवी आणि दुरुस्ती गल्लीतच व्हावी, असाही एक मार्ग आहे. फियाटच्या पुंतो आणि लिनियामधलं १.३ डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टलाही होतं, ते खोलता न येणारा मेकॅनिक आपल्याकडे सापडायचा नाही. इंजिनाचे पार्ट मिळतात, बॉडीचे शोधावे लागतात. रेनॉ डस्टरचं १.५ डिझेल महिंद्राच्या व्हेरिटोतही होतं, आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या आष्टा रस्त्यावर डस्टरची उंची तुम्हाला रोज उपयोगी पडेल. लॉराच हवी असेल तर ११० अश्वशक्तीची, हातानं गिअर टाकायची डिझेल लॉरा शोधा. ती मिळाली आणि पाण्यातली नसली तर मी अर्ध्या काळजीनं होकार देईन.

पण आधी त्या डॉक्टरांना फोन करून फाइल मागा. स्वतः गाडी नीट सांभाळलेला माणूस फाइल काढून टेबलावर ठेवतो, आणि वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो. फोनवर त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळवा. विसार तोवर देऊ नका.